गाडीचे दिवे, मागून पुढे

कराडात कोल्हापूर नाक्याजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एकोणतीस वर्षं झाली. "पुढचा लाइट कमी पडतोय, वाढवून द्या" म्हणत आलेली गिऱ्हाइकं मोजायची तर वही पुरणार नाही. "जरा मागचे लाइट बघा" म्हणत आपणहून आलेली माणसं मात्र बोटांवर मोजता येतील. साहजिकच आहे. पुढचा दिवा आपल्याला दिसतो. मागचा बंद पडला तरी आपलं काही अडत नाही, अडतं ते मागून येणाऱ्याचं. म्हणून नवीन लायसन काढलेल्या पोरापोरींना दिवे समजावताना मी त्यांना आधी गाडीच्या मागे नेऊन उभं करतो. तुम्हीही तसंच करा. कुणाला तरी ड्रायव्हर सीटवर बसवा, किल्ली फिरवायला सांगा आणि मागे या.

मागची बाजू

दिव्यांची दांडी आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. युरोपियन घराण्यातल्या गाड्यांत ती डावीकडे, नाहीतर डॅशबोर्डवर गोल बटण. एका गाडीवरून दुसरीवर गेलं की पहिल्या दिवशी इंडिकेटरऐवजी वायपर फिरतात, ते यामुळेच. दांडीचं टोक एकदा फिरवलं की पार्किंग लाइट लागतात. पुढे दोन बारके पांढरे, मागे दोन लाल, नंबर प्लेटवर एक आणि आत मीटरचा उजेड. मागचे दोन लाल म्हणजे टेल लाइट.

ज्या गाड्यांत अजून साधे बल्ब आहेत, तिथे टेल आणि ब्रेक मिळून एकच बल्ब असतो. एका काचेत दोन तारा, एक ५ वॅटची, दुसरी २१ वॅटची. आमच्यात याला डबल कॉन्टॅक्ट म्हणतात. ५ ची तार रात्रभर मंद जळते, ब्रेक दाबला की २१ ची पेटते. मागच्याला "ब्रेक लागला" हे कळतं ते या दोन उजेडांतल्या फरकामुळे. बल्बच्या बुडाला दोन पिना असतात, एक थोडी वर, एक थोडी खाली. बल्ब उलटा बसू नये म्हणूनच ती सोय. पण बळजबरी करणाऱ्यापुढे कुठली सोय टिकत नाही. एक शिक्षक आले होते, तक्रार अशी की रात्री मागचे लोक विनाकारण हॉर्न देतात. बघतो तर रस्त्याकडेला कुणीतरी पक्कडीने दाबून बल्ब उलटा बसवलेला. टेल लाइट कायम ब्रेकसारखे झगझगीत, आणि ब्रेक दाबला तर फरक न दिसण्याइतका. वीस रुपयांचा बल्ब आणि एक होल्डर, एवढंच काम होतं.

आता आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि तीन दिवे मोजा. खाली दोन आणि काचेत वर एक. हा तिसरा नुसता शोभेचा नाही. तो नजरेच्या उंचीवर असतो, टेल किंवा इंडिकेटरच्या उजेडात मिसळत नाही आणि मधल्या गाडीच्या काचेतून तिच्या मागच्यालाही दिसू शकतो. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना तो सक्तीचा झाला.

तिन्ही लागत नसतील तर बल्ब विकत आणू नका. तीन बल्ब एकाच दिवशी जात नाहीत. फ्यूज बघा, मग पेडलच्या वर असलेला ब्रेक स्विच बघा. याच्या उलट, गाडी बंद करून तुम्ही घरात गेलात आणि ब्रेक लाइट तसेच चालू राहिले, तर बऱ्याच वेळा त्या स्विचसमोर बसवलेलं रबराचं किंवा प्लॅस्टिकचं छोटं बटण वाळून तुटलेलं असतं. पेडलच्या खाली पायपुसण्यावर त्याचे तुकडे सापडतात. सकाळी बॅटरी उतरलेली. लोक बॅटरी बदलून मोकळे होतात आणि तिसऱ्या दिवशी परत येतात.

एलईडीचा ब्रेक लाइट तत्काळ पेटतो. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग घेते. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तेवढ्या अवधीत चार-साडेचार मीटर. एका गाडीची लांबी झाली ती.

घाटातल्या ब्रेक लाइटचं वेगळं सांगायला हवं. कुंभार्ली उतरताना पुष्कळ जण हेळवाक सोडल्यापासून पोफळीपर्यंत ब्रेकवर पाय ठेवूनच असतात. मागचे लाल दिवे अखंड पेटलेले. मग खरोखर जोरात थांबायची वेळ येते तेव्हा मागच्याला कळायला काही उरत नाही, आणि ड्रम-डिस्क तापतात ते वेगळंच. गिअर खाली घ्या, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक लागेल तिथेच दाबा.

रिव्हर्स गिअर टाकला की पांढरा दिवा लागतो. इथे एक गंमत आहे. "एकाच बाजूचा रिव्हर्स लाइट लागतोय, दुसरा दुरुस्त करा" म्हणून महिन्यातून एक तरी गाडी येते. कित्येक गाड्यांना रिव्हर्स लाइट एकच असतो, डाव्या बाजूला. उजवीकडे तशाच खणात लाल काचेमागे असतो तो मागचा फॉग लॅम्प. तो टेलपेक्षा कितीतरी प्रखर, जवळजवळ ब्रेक लाइटएवढा असतो आणि दाट धुक्यासाठीच ठेवलेला असतो. डॅशबोर्डवर त्याची खूण पिवळसर असते, दिव्याचं चित्र आणि त्याच्या किरणांना छेदणारी नागमोडी रेघ. पुढच्या फॉगची तशीच खूण हिरवी. मागचा फॉग कोरड्या रात्री चालू ठेवून फिरणारे महाभाग भेटतात. त्यांच्या मागे वीस किलोमीटर चालवून बघा, डोळे चुरचुरायला लागतात.

नंबर प्लेटचा दिवा ५ वॅटचा. तो पांढराच हवा, निळाजांभळा नको. पुढे चला.

बल्ब नसलेला एक दिवाही मागे असतो, लाल रिफ्लेक्टर. आपण सगळे त्याला रेडियम म्हणतो. बॅटरी मेली, वायर जळली, गाडी अंधारात उभी राहिली, तरी काम करणारा हा एकटाच. त्याची किंमत आमच्या भागात ऊस सुरू झाल्यावर कळते. दिवाळीनंतर कारखाने पेटले की रात्रभर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चालतो, मधूनच बैलगाड्या. ट्रॉलीला टेल लाइट नसतोच किंवा असला तर लोंबणाऱ्या उसामागे झाकलेला. तुमच्या हेडलाइटच्या उजेडात जे काही चमकेल, तेवढ्यावरच भिस्त. कारखाने मोहीम काढून रिफ्लेक्टर लावतात, पण चिखलाने माखले की ते असून नसल्यासारखे. ट्रॉलीवाल्याला मी फुकट रेडियम पट्टी चिकटवून देतो, अट एकच, आठवड्यातून एकदा फडकं मारायचं. मोटारवाल्यांनाही हेच सांगणं. गाडी धुताना बॉनेट चार वेळा पुसता, बंपरच्या कोपऱ्यातला तो लाल तुकडाही पुसा. त्यावर काळी फिल्म किंवा स्टिकर लावू नका.

बाजूचे

इंडिकेटर पिवळे-नारिंगी, मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवेत. बल्बांच्या गाडीत एका बाजूची टिकटिक अचानक दुप्पट झाली तर त्या बाजूचा एक बल्ब गेला असं समजा. गाडी स्वतःहून तुम्हाला सांगत असते. तरी लोक आठवडाभर ती घाईची टिकटिक ऐकत फिरतात. पारदर्शक काचेच्या गाडीत बल्बलाच नारिंगी रंग असतो. हलका बल्ब असला की तो रंग सुटतो आणि इंडिकेटर पांढरा मारायला लागतो. तो बदला.

आणखी एक दुखणं घरबसल्या ओळखता येतं. ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा इंडिकेटर मंदपणे उजळत असेल, किंवा इंडिकेटर दिल्यावर टेल लाइट नाचत असेल, तर अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची तार, गेलंय. विजेला परतीची वाट मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या बल्बातून वाट काढते. होल्डरची अर्थ वायर आणि ती बॉडीला बसते ती जागा पॉलिश पेपरने घासली की बहुतेक वेळा काम होतं. यासाठी कुणी अख्खं वायरिंग बदलायला सांगत असेल तर दुसऱ्याकडे जा. मीच सांगितलं तरी.

दुरुस्तीपेक्षा अवघड भाग म्हणजे इंडिकेटरची भाषा. दुपदरी रस्त्यावर तुम्ही ट्रकच्या मागे आहात आणि त्याने उजवा इंडिकेटर दिला. याचे आपल्याकडे तीन अर्थ होतात. एक, मी उजवीकडे वळतोय. दोन, समोरून गाडी येतेय, बाहेर पडू नको. तीन, रस्ता मोकळा आहे, जा. दुसरा आणि तिसरा एकमेकांच्या नेमके उलट. पाटण रस्त्यावर मी तिन्ही पाहिलेत, कधी एकाच ट्रककडून. पुस्तकात आहे तो पहिलाच अर्थ, आणि मीही तोच धरतो. उजवा दिला की मी मागेच राहतो. क्लीनरने हात बाहेर काढून बोलावलं तरी मला स्वतःला समोरचा रस्ता दिसल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. त्याची गाडी उंच आहे म्हणून त्याला दिसतं हे खरं, पण माझ्या गाडीचा पिकअप त्याला माहीत नसतो.

वळायच्या आधी किती अंतरावर साइड द्यायची? गावात वळण दिसलं की द्या, हायवेला त्याहून बरीच आधी. वळताना दिलेला इंडिकेटर म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला बँड.

हॅझार्ड म्हणजे डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण, चारी इंडिकेटर एकदम. ते थांबलेल्या, अडलेल्या गाडीसाठी आहे. आपल्याकडे त्याचे तीन नवे उपयोग निघालेत: चौकात सरळ जायचंय म्हणून, बोगद्यात शिरलो म्हणून आणि पाऊस आला म्हणून. चारी चालू असताना तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे हे कळायला मार्गच राहत नाही. शिवाय मधे एखादं वाहन आलं आणि तुमची एकच बाजू दिसली, तर तो साधा इंडिकेटर वाटतो आणि मागचा चुकीच्या बाजूने घुसतो. एक्सप्रेसवेवर भाताण, माडप, कामशेत कुठल्याही बोगद्यात डिपर, म्हणजे खाली झुकलेला हेडलाइट, चालू ठेवा, पुरे.

गाडी खरोखर बंद पडली तर हॅझार्ड लावा, आणि डिकीतला त्रिकोण काढून निदान पन्नास पावलं मागे नेऊन ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवू नका. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि रात्री त्यांच्यावर एखादा दुचाकीवाला जातो.

पुढची बाजू

आता पुढे या. नव्या गाड्यांना इंजिन सुरू होताच पांढऱ्या पट्ट्या लागतात, त्या डीआरएल. दिवसा समोरच्याला आपण दिसावं एवढंच त्यांचं काम. दुचाकीला १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याची सोय कंपनीतूनच येते, तीही याचसाठी. तरी अजून रस्त्यावर माणसं बोटं उघडमिट करून "लाइट चालू आहे" असं दुचाकीवाल्याला सांगतात. भलेपणा आहे, पण गरज उरली नाही.

डीआरएलने एक नवा धोका आणलाय आणि तो दिवेलागणीच्या वेळेचा. ऊन गेलं, अंधार अजून पडला नाही. पुढे पांढरा उजेड पडलेला दिसतो, आत मीटर तर दिवसाही झगमगतो. ड्रायव्हरला वाटतं दिवे चालू आहेत. पण कित्येक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे टेल लाइट लागत नाहीत. गाडी पुढून नवरदेव आणि मागून अंधार. मीटरवर हिरवी खूण आहे का ते बघायची सवय लावून घ्या. ती नसेल तर मागे काही नाही. ज्यांच्या गाडीत अंधार पडला की आपोआप दिवे लावणारा ऑटो आहे त्यांनी दांडी तिथेच ठेवावी, मात्र धुक्यात ऑटोवर विसंबू नये. दिवसाच्या धुक्यात उजेड भरपूर असतो, सेन्सरला वाटतं दुपार आहे.

हेडलाइटच्या दोन पायऱ्या, डिपर आणि अपर. डिपरची खूण हिरवी, किरणं खाली झुकलेली. अपरची निळी, किरणं सरळ. निळी खूण दिसली की समोरच्याला त्रास होतोय का हा प्रश्न स्वतःला विचारायचा. जुन्या जीपला डिपरचं बटण जमिनीवर, डाव्या पायाशी असायचं. उस्तादांनी मला सांगितलं होतं, समोरचा दिवा दिसला की पाय आपोआप हलला पाहिजे. आता बोट हललं तरी चालेल. समोरून कुणी येत असेल तेव्हा डिपर, आणि कुणाच्या मागे असाल तेव्हाही डिपर. दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तुमचा अपर पुढच्याच्या तिन्ही आरशांतून थेट त्याच्या डोळ्यांत जातो.

अपर एकदा मारून सोडणं म्हणजे आपल्याकडे "मी येतोय, थांब". इंग्लंडमध्ये गाडी चालवणारे लोक त्याचा अर्थ बऱ्याचदा "तुम्ही जा" असा घेतात. तिकडून सुट्टीला आलेल्या एका मुलाने इथे तो अर्थ घेतला आणि एसटीसमोर गाडी घातली. एसटी थांबली, पोरगाही शहाणा झाला.

पुष्कळ गाड्यांत एच ४ बल्ब असतो. तीन पिना, आत दोन तारा, डिपरला ५५ वॅट, अपरला ६०. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक लहानशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे झोत वरून कापल्यासारखा दिसतो. ती कापलेली रेघ आपल्या गाड्यांत डावीकडे थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो. रस्त्याची डावी कड, पायी चालणारा, पाटी हे दिसावं आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत, असा तो हिशोब आहे.

आता कळेल की मी १००/९० वॅटचे बल्ब आणि हॅलोजनच्या डोममध्ये (बल्बमागच्या चकचकीत वाटीत) घुसवलेले एलईडी बसवायला का नाही म्हणतो. वॅट वाढवले की होल्डर आणि वायर तापतात. वितळलेले पांढरे कपलर माझ्याकडे डबाभर आहेत. एलईडीत तार नसते, चिप असते, आणि ती तारेच्या नेमक्या जागी उजेड देत नाही. डोम घडवलाय तो तारेच्या जागेसाठी. मग ती कापलेली रेघ फाटते. तुम्हाला जवळचा रस्ता पांढराफेक दिसतो, खुशी होते, आणि समोरचा आंधळा होऊन तुमच्याकडेच येतो. कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला हेडलाइट ही वेगळी गोष्ट, तो उत्तम असतो.

"उजेड कमी पडतो" म्हणणाऱ्या दहापैकी निम्म्यांना बल्ब नकोच असतो. काच पिवळी पडलेली असते, ती घासून पॉलिश करायची. टूथपेस्टने चमक येते, पण थोडे दिवसच. नाहीतर झोत खाली गेलेला असतो. तो तपासायला सपाट जागा आणि भिंत लागते. चाकांत हवा बरोबर, ड्रायव्हर आत, आणि हेडलाइट वरखाली करायची चकती शून्यावर. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने खुणा. भिंतीपासून दहा मीटर मागे या आणि डिपर लावा. कापलेली रेघ त्या खुणेच्या दहा ते तेरा सेंटिमीटर खाली पडायला हवी. जागा पाच मीटरच असेल तर पाच ते साडेसहा सेंटिमीटर. बॉनेट उघडल्यावर हेडलाइटच्या मागे स्क्रू असतो, त्याने जुळवतात. पाव फेऱ्यानेही खूप फरक पडतो, म्हणून हळूहळू.

त्या चकतीबद्दल: ० ते ३ किंवा ४ आकडे असतात आणि बहुतेकांनी तिला कधी हात लावलेला नसतो. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं तोंड वर होतं, डिपरचा अपर होतो. आकडा वाढवला की झोत खाली येतो. एकटे असाल तर शून्य, गणपतीला सगळं घर घेऊन कोकणात निघालात तर दोन-तीन. गाडीच्या पुस्तकात तक्ता असतो.

डिपरचा उपयोगी उजेड पन्नास-साठ मीटरपर्यंतच असतो. ८० च्या वेगात दीड सेकंद विचारात गेला तर ३३ मीटर संपले, ब्रेक अजून लागायचाच आहे. हे गणित मी पोरांना दोनदा करायला लावतो.

पुढचे फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतात, झोत रुंद आणि चपटा. पिवळा चांगला की पांढरा यावर चहाच्या टपरीवर तास जातो. माझ्या मते रंगापेक्षा जागा महत्त्वाची, उजेड धुक्याच्या खालून गेला पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये कुंभार्लीत ढगच रस्त्यावर उतरतो. तिथे अपर लावला की प्रत्येक थेंबावरून उजेड परत तुमच्याच डोळ्यांवर येतो, पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि फॉग लावा, मागचाही फॉग लावा, डाव्या कडेची पांढरी रेघ धरा आणि वेग सायकलएवढा आणा. चालत्या गाडीला हॅझार्ड नको. धुकं सरलं की मागचा फॉग आठवणीने बंद.

बल्ब स्वतः बदलणार असाल तर हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथेच काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. पावसाळ्यात हेडलाइटच्या आत धूसर वाफ धरते आणि दिवा लावल्यावर जाते, त्याची काळजी नको. तळाशी पाणी हललं तर मात्र सील गेलं.

आणि आठवड्याची तपासणी करायला दुसरा माणूस लागत नाही. रात्री एखाद्या बंद शटरसमोर गाडी पाठमोरी लावा, आरशात बघत ब्रेक दाबा, साइड द्या, रिव्हर्स टाका. शटरवर प्रत्येक दिव्याचा डाग वेगळा दिसतो, एक कमी असला की लगेच कळतं. मग गाडी वळवून पुढचे बघा. माझं शटर रात्री नऊनंतर रिकामं असतं. खुशाल या, फक्त रिव्हर्समध्ये क्लच सांभाळून सोडा. गेल्या वर्षीचा पोचा अजून काढायचा राहिलाय.